पांढऱ्या मालाला ऊन

चाचा, आज सोळा फेब्रुवारी, सोमवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि मी गोदामाच्या उंबऱ्यात बसून शिल्लक टी-शर्टांच्या प्लास्टिकच्या पिशव्या ब्लेडनं कापतो आहे. नव्वद कापून झाल्या, दोनशे दहा राहिल्या आहेत. या पिशव्या मीच विकत आणल्या होत्या, एकेक पांढरा टी-शर्ट मीच नीट घडी करून त्यांत घातला होता आणि तोंडाला टेपही मीच लावली होती. टेप इतकी घट्ट बसली आहे की ब्लेड दोनदा बोटाला लागलं. तुम्ही समोर असता तर हसला असता, किंवा हसला नसता, नुसतं चष्म्यावरून पाहिलं असतं. मला हसण्यापेक्षा त्या पाहण्याचीच भीती वाटायची. आज वाटत नाही. आज बऱ्याच दिवसांनी मला कशाचीच फारशी भीती वाटत नाही, म्हणून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहायला घेतलं.

मी आता काय करतो ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात त्याला आठ वर्षं झाली, आणि माझा धंदा सुरू होऊन तीन. मी कोरे टी-शर्ट विकतो, ठोक. तिरुपूरहून माल मागवतो आणि पुसद, उमरखेड, महागाव इथल्या छपाईवाल्यांना देतो. ते त्यावर मंडळाचं नाव छापतात, क्रिकेटच्या संघाचं छापतात, क्लासचं, जिमचं, निवडणूक असली की उमेदवाराचं. माझ्या हातातून जातो तेव्हा त्यावर काहीच नसतं. पुसदला एका गॅरेजच्या वर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. एकीत मी राहतो, दुसरीत माल राहतो, आणि खरं सांगायचं तर मालाची खोली जास्त चांगली आहे. प्रत्येक खोक्यावर रंग, साइज, नग आणि आल्याची तारीख लिहिलेली असते. मी माल तीनदा मोजतो. कुलूप लावल्यावर जिना उतरून पुन्हा वर जाऊन ओढून पाहतो. तुमच्याकडे होतो तेव्हाही असाच होतो, तुम्ही म्हणायचात, "ताला तेरेसे डरता बे, खुद लग जाता."

पंधराव्या वर्षी मी तुमच्या दुकानात आलो तेव्हा नववी अर्धी सोडली होती. बनियन, चड्डी, मोजे, थंडीत स्वेटर, शाळेचे पी.टी.चे टी-शर्ट, असं तुमचं होजिअरीचं दुकान. तुम्ही हिशेब उर्दूत लिहायचात आणि मराठी पत्रं, अर्ज, पार्ट्यांची नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं. एका शब्दात ऱ्हस्व की दीर्घ यावर मी गिऱ्हाईक उभं असताना अडून बसायचो. मग एक दिवस तुम्ही रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश आणलात, कव्हर नसलेला, आणि गल्ल्यावर आपटलात. "ले. इसमें सब है. अब दुकान का टाइम मत खराब कर." त्याची 'क'च्या आधीची सगळी पानं फाटून गेली होती. म्हणून आजही अ पासून औ पर्यंतचे शब्द लिहिताना मी दोनदा थांबतो, आणि पुढचे बेधडक लिहितो. रमजानमध्ये दुपारी मी डबा मागे लपवून खायचो, तर तुम्ही स्वतः उठून दाराशी जाऊन बसायचात, रस्त्याकडे तोंड करून. "तू खा. तेरा थोडी रोजा है." मला लाजायला नको म्हणून तुम्ही उन्हात बसायचात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, गिऱ्हाईक बघायला बसले असतील.

कपडा कसा बघायचा हे मी तुमच्याकडून शिकलो. ट्यूबलाइटखाली रंग कधीच ठरवायचा नाही, उंबऱ्यात आणून बघायचा. नाकाशी धरायचा. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची. हे सगळं तुम्ही सांगितलंत, कारणासकट सांगितलंत. एकाच गोष्टीचं कारण कधी सांगितलं नाहीत. वर्षातून तीनदा पांढरा माल गच्चीवर न्यायचा आणि पसरायचा. 'धूप दिखाना' म्हणायचात तुम्ही त्याला. बावीस पायऱ्या होत्या. गाठोडी मी वर न्यायची, चादरी अंथरायच्या, एकेक बनियन उलगडून टाकायचं, दुपारी सगळी उलटी करायची, पारवे हाकलायचे आणि संध्याकाळी पुन्हा घड्या घालून जुन्या चादरींत बांधायचं. पाठ दुखायची. मी एकदा विचारलं, "चाचा, हे काहून करतो आपण? माल तं कोरा हाय." तुम्ही म्हणालात, "मेरे अब्बा दिखाते थे." झालं. मला ते म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली, जशी काहींना विनाकारण पाट झटकायची सवय असते.

आता त्या दिवसाचं. तो दिवस मी आठ वर्षं कोणाला सांगितला नाही. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेला होतात, चार दिवस दुकान माझ्यावर होतं. मी एकोणीस वर्षांचा. तुम्ही परत याल तेव्हा दुकान असं दिसलं पाहिजे की तुम्ही पाहत राहाल, एवढंच डोक्यात होतं. माझ्या पैशातून सातशे रुपयांचं प्लास्टिक आणलं. मेणबत्ती पेटवून, करवतीच्या पात्यावर प्लास्टिकची कड धरून ती वितळवून चिकटवायची, असं करत एकवीस डझन पांढरी बनियनं मी एकेक पॅक केली. साइजच्या चिठ्ठ्या आत, सरळ रेषेत. फळीवर मांडली तेव्हा ती चकाकत होती. तुम्ही आलात, डोळ्याला हिरवी पट्टी. महागावचे एक दुकानदार बसले होते, ते हसून म्हणाले, "चाचा, पोट्ट्यानं तं लगनाचा आहेर बांधला राजेहो!" तुम्ही एका डोळ्यानं फळीकडे पाहिलंत. मग हात पुढे केलात. "ब्लेड दे."

मी ब्लेड दिलं. तुम्ही उभ्याउभ्या पहिली पिशवी कापलीत, दुसरी कापलीत. "काहून बे, माल को कफन पहनाया क्या?" मी म्हणालो, "धूळ बसते चाचा." तुम्ही कापत राहिलात. "धूल तो झटकने से जाती. दम घुटा तो क्या झटकेगा तू?" महागाववाले आणखी हसले. मी बाजूला उभा राहून दोनशे बावन्न पिशव्या कापल्या जाताना पाहिल्या. महिनाअखेरीला पगारात तुम्ही सातशे रुपये जास्त ठेवले होतेत. मी ते घेतले आणि तोही मला अपमानच वाटला. दोन महिन्यांनी मी गावाकडं काम आहे असं सांगून निघून गेलो. त्याच वर्षी तुम्ही गेलात. मी मातीला आलो होतो चाचा, मागे बाजारातल्या लोकांत उभा होतो, सगळ्यांसारखी तीन मुठी माती मीही टाकली. पण राग घरी ठेवून आलो नव्हतो.

म्हणून माझा धंदा सुरू झाला तेव्हा मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? प्लास्टिक. प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत. वर ओल शोषणारी पुडी. छपाईवाले म्हणायचे, "भाऊ, तुमचा माल दवाखान्यातून आल्यासारखा राह्यते." मला ते शब्द फार आवडायचे. तुमची आठवण यायची, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला माझी फळी दाखवायचो.

या वर्षी मला पहिल्यांदा माझ्या माणसांची ऑर्डर मिळाली. फुलसावंगीकडचा आमचा तांडा आणि आजूबाजूचे पाच, असे बंजाऱ्यांचे सहा तांडे मिळून पंधरा फेब्रुवारीला आमच्या संत महाराजांची जयंती करणार होते. सगळ्यांना सारखे पांढरे टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या झेंड्याचं चित्र लाल रेघेत. सहाशे नग. आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, मला दिवाळीतच म्हणाले, "पुसदच्या दुकानदारानं सहा रुपये कमी सांगितले होते बेटा. तू आपला पोरगा हाय म्हनून तुले देतो. पाह्य बरं, माही मान खाली जाऊ देजो नोको." याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिच्या बचत गटातून पन्नास हजार उचलून दिले. मी ऑक्टोबरमध्येच माल आणून ठेवला, सहा नग जास्तीचे धरून सहाशे सहा, कारण उशीर झाला तर काय, याची मला झोप लागत नव्हती. पिशव्यांत घातला, खोक्यांत भरला, भिंतीला लावून रचला आणि साडेतीन महिने त्याला हात लावला नाही. हा माल परत आला असता तर बचत गटातल्या दहा बायकांसमोर याडीला मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं, आणि तांड्यात मला पुन्हा कोणी एक रुमालसुद्धा मागितला नसता. एवढं सगळं त्या मालावर अवलंबून होतं.

बुधवारी, अकरा तारखेला, दुपारी चार वाजता मी खोकी उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी माल छपाईला द्यायचा होता. पहिली चार खोकी ठीक. पाचव्यात वरचा टी-शर्ट काढला तर घडीच्या कडेनं पिवळा. हळदीसारखा नाही, जुन्या वर्तमानपत्रासारखा. मला वाटलं डोळ्यांना तसं दिसतंय. उंबऱ्यात आणला. पिवळाच होता. खालच्या गॅरेजच्या दाराच्या बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या खोक्यांत पिवळे निघत गेले. मी जमिनीवर बसलो. पिशव्या न फाटलेल्या, टेप न निघालेली, आत ओल नाही, धुळीचा कण नाही. पिवळं कोणी केलं? तिरुपूरच्या एजंटला फोन लावला, तो लग्नात होता, फोन उचलेना. एक टी-शर्ट बादलीत ब्लीचिंग पावडर टाकून भिजवला तर तासाभरात त्यावर डाग उमटले आणि तो आणखी वाईट झाला. तेवढ्यात छपाईवाल्याचा फोन.

"काहो भाऊ, माल सकाळी येते ना? स्क्रीन बनवून बसलो मी."

"उद्या संध्याकाळी आणतो."

"संध्याकाळी? आन् मी रात्रभर झेंडे छापत बसू काय? बायको घरात घेईन का मले?"

"थोडी साइजची गडबड आहे. सहा वाजता आणतोच."

"आणतोच म्हनता, तं च वर जोर द्या जरा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याला काय माहीत, मला रडू येत होतं.

गुरुवारी सकाळी साडेआठला मी सगळी खोकी गच्चीवर नेली. ट्यूबलाइटखाली पांढरा आणि किंचित पिवळा यांतला फरक कळत नव्हता, उजेडात बसून निवडायचं होतं. निवडता निवडता पिवळे मी ताडपत्रीवर उलगडून टाकत गेलो, कोणता किती पिवळा हे बघायला. साडेदहाच्या बसनं याडी आली. तिला बी.पी.च्या गोळ्या घ्यायला सरकारी दवाखान्यात जायचं होतं आणि माझ्यासाठी भाकरी-ठेचा आणला होता. धापा टाकत वर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. ताडपत्रीवर टी-शर्ट बाह्या पसरून ओळीनं पडलेले.

"माय वो! हे तं अख्खा तांडाच झोपला वाटते इथं," ती म्हणाली. "उठवा यायले, भाकर खा म्हना."

मी हसलो नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. "तू जेवला नाही कालपासून." मग खाली बसून तीही टी-शर्ट उलगडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे इकडचे काहून वेगळे करून राह्यला?"

"साइजचं आहे याडी."

"साइज तं सारखीच दिसते मले."

"तुला नाही कळणार."

असं मी तिला कधी बोलत नाही. ती बाह्या सरळ करत राहिली. एकशे सत्तेचाळीस पिवळे निघाले. मी कागदावर आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती चौकोन काढला. मग तिला दवाखान्यात नेलं. रांग फार होती. चिठ्ठी काढायची एक रांग, डॉक्टरची दुसरी, गोळ्यांची तिसरी. मी सारखा घड्याळ बघत होतो, गच्चीला दार नाही, माल उघडा, वर पारवे. याडी म्हणाली, "जा तू, मी येतो मांगून." मी गेलो नाही, तिला रस्ता ओलांडताना घाबरायला होतं. परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मी दोन दोन पायऱ्या चढलो.

आणि चाचा, मला पिवळे टी-शर्ट सापडेनात.

ताडपत्री तीच, ओळी त्याच, एकशे सत्तेचाळीस नग मोजले तेवढेच. सगळे पांढरे. मला वाटलं मी सकाळी चुकून चांगला ढीग इथं टाकला. दुसरा ढीग तपासला, तोही पांढरा. मग एक उचलला. त्याची एक बाही शेजारच्या टी-शर्टाच्या खाली दबली होती. जिथं ती दबली होती तिथं पिवळट, आणि जिथं ऊन लागलं होतं तिथं पांढरा, मधे सरळ रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. मी तो उलटा केला. पाठ, जी खाली होती, अजून पिवळी. माझ्या डोक्यात बावीस पायऱ्या आल्या, चादरी आल्या, दुपारी उलटी करायची बनियनं आली. 'सफेद माल है, धूप दिखाना पड़ता.' मी ओरडलो, "याडी, उलटे कर! सगळे उलटे कर!" ती जिना चढून नुकतीच वर आली होती, तिला काही कळलं नाही, पण तिनं पदर खोचला आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. आम्ही दोघांनी सगळे उलटले. पाच वाजेपर्यंत पश्चिमेचं ऊन होतं, तेवढं पुरलं. मग एकेकाची घडी घालताना मी प्रत्येक नाकाशी धरला. उन्हाचा वास येत होता, तुमच्या गच्चीवर यायचा तोच.

सहाला दहा मिनिटं कमी असताना मी छपाईवाल्याच्या दारात टेम्पोतून उतरलो. त्यानं एक टी-शर्ट काढला, टेबलावर आपटला, हात फिरवला. "आज पिशवीत नाहीत काहो? दवाखाना बंद झाला वाटते." मी म्हणालो, "बंद झाला." शनिवारी दुपारी माल छापून तांड्यावर गेला. काल रविवारी मीही गेलो. मिरवणुकीत माणसं, बायका, म्हातारे, सगळे पांढऱ्यात. मी गर्दीच्या कडेनं चालत प्रत्येकाच्या काखेकडे, घडीच्या जागेकडे पाहत होतो. कुठंच काही नाही. आणि गंमत अशी, की टी-शर्टाकडे कोणी बघतच नव्हतं. झेंड्याकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते, मोबाइलकडे बघत होते. नायक भेटले, घामानं ओले. "काय म्हनतो बेटा, जेवला का?" एवढंच. मालाबद्दल एक शब्द नाही. या धंद्यात यापेक्षा चांगलं काही ऐकायला मिळत नाही हे मला काल समजलं. मी पंगतीत बसलो आणि तीनदा वाढून घेतलं.

आज सकाळी तिरुपूरच्या एजंटचा फोन आला. तो म्हणाला, प्लास्टिकमधलं काहीतरी कपड्यात उतरतं, त्याला गाड्यांचा धूर लागला की पांढरं पिवळं पडतं, बंद पिशवीत तर जास्तच. ऊन लागलं की जातं. खाली गॅरेज आहे का, असंही त्यानं विचारलं. इतक्या सहज सांगितलं, जणू सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला हे माहीत होतं का, हा विचार मी सकाळपासून करतो आहे. बहुतेक नसेल. तुमच्या अब्बांच्या काळात प्लास्टिकच नव्हतं. तुम्ही ऊन दाखवत होतात कारण ते दाखवत होते, आणि पिशव्या कापल्यात कारण तुमच्या हाताला ते बरं वाटलं नाही. माहीत असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, कपड्याचं बाकी सगळं सांगितलंत तसं. महागाववाल्यांसमोर मला वाटलं होतं की तुम्ही माझी मेहनत कापता आहात. तुम्ही फक्त माल वाचवत होतात. ही गोष्ट कळायला मला आठ वर्षं आणि सहाशे सहा टी-शर्ट लागले, पण कळली, आणि छाती मोकळी झाली आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. चाची आता अकोल्याला मुलीकडे असतात, त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि वाचता आलं असतं तरी पुढचं मी त्यांना वाचू दिलं नसतं.

गुरुवारी सकाळी मी पिवळे टी-शर्ट वेगळे काढत होतो ते परत करायला नाही, बदलायला नाही आणि उन्हानं सुधारतील म्हणून तर नाहीच. सहा तांड्यांतल्या दोन तांड्यांची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जयंतीच्या दिवशी ट्रकनं येतात, संध्याकाळी परत जातात. त्यांची यादी दोन्ही मिळून दीडशे नगांची होती. माझे पिवळे एकशे सत्तेचाळीस. मी म्हटलं, ही माणसं कपड्याकडे बघणार नाहीत, आणि बघितलं तरी बोलणार नाहीत, उसाच्या चिखलात दोन दिवसांत काळाच होणार आहे तो. आपलीच माणसं आहेत. आमच्या तांड्याला, नायकाला, समितीच्या लोकांना पांढरे, आणि त्यांना ते. मी चौकोन काढला तो त्या आकड्याभोवती. याडीनं लग्नानंतर बारा वर्षं ऊस तोडला आहे, आणि ती माझ्यासमोर बसून त्या टी-शर्टांच्या बाह्या सरळ करत होती तेव्हा मी तिला साइजचं कारण सांगितलं. ऊन कमी पडलं असतं, आभाळ आलं असतं, तर मी तसंच केलं असतं. नसतं केलं, असं मला लिहिता येत नाही.

हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे हे पान बिलबुकात राहू शकेल.

खर्च: टी-शर्ट सहाशे सहा, दर एकशे अठरा, एकूण एकाहत्तर हजार पाचशे आठ. वाहतूक दोन हजार एकशे पन्नास. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुड्या एक हजार तीनशे चाळीस. ब्लीचिंग पावडर चाळीस. टेम्पो तीनशे. गाठोडी बांधायला वीस मीटर मांजरपाट, एक हजार दोनशे चाळीस. सगळे मिळून शहात्तर हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर.

देणं: याडीच्या बचत गटाच्या पन्नास हजारांतले राहिलेले अडतीस हजार. एजंटचे बारा हजार.

येणं: सहाशे नगांचे, दर एकशे बेचाळीस, पंच्याऐंशी हजार दोनशे. त्यांतले नायकांनी आगाऊ दिले तीस हजार. आमच्या तांड्याचे आणि शेजारच्या तिघांचे राहिले तेहतीस हजार नऊशे, होळीला देतो म्हणाले. ऊसतोडीवाल्या दोन तांड्यांचे एकवीस हजार तीनशे, काल संध्याकाळी ट्रकमध्ये बसण्याआधी, पूर्ण, रोख.